बोअरच्या पाण्यातला बेडकाचा पाय

ही गोष्ट मी घरातसुद्धा कधी सांगितली नाही. कॉलेजचा विषय निघाला की उठून जायचो.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. मी तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी डिस्टिल्ड वॉटर संपलं. ते तयार करताना वाफ थंड करायला नळाचं वाहतं पाणी लागतं, आणि नळ तर कोरडे. बेडकाचा चेतातंतू ज्यात ठेवतात ते मिठाचं द्रावण मी बोअरच्या मचूळ पाण्यात केलं. कोण बघतंय, असं वाटलं.

चिठ्ठीत बेडकाचा पाय विजेच्या झटक्यानं हालवायचा प्रयोग जळकोटच्या एकाच पोराच्या वाट्याला आला. नापास झाला तर वडील त्याला दुकानात बसवणार, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. त्यानं मांडीतला चेतातंतू अलगद सोडवला. विजेच्या तारेचं टोक लावलं. पाय हालला नाही. पुन्हा लावलं. नाही.

नांदेडहून आलेले परीक्षक म्हणाले, "निदान सांगता तरी येतं का, काय व्हायला पाहिजे?"

"हाव सर. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम. आतली बाजू ऋण. झटका बसला की पडद्यातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, तेवढ्या जागी आतली बाजू धन होते. त्यानं शेजारची दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची. असं पार स्नायूपर्यंत." तो अडखळला. "पण पाण्यात कॅल्शियम लई असलं तर दारं लवकर उघडत न्हाईत. हे बोअरचं पाणी हाय का, सर?"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मी म्हणालो. पोरं हसली.

परीक्षक माझ्याकडे वळले. "द्रावण कुणी केलं?"

माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

"त्यानंच."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तारेचं टोक खाली ठेवलं.

तो नापास झाला, पुन्हा आला नाही. नंतर नांदेडहून मागवलेल्या डिस्टिल्ड पाण्यात मी एकट्यानं तोच प्रयोग केला. पहिल्याच स्पर्शाला पाय उडाला.

बऱ्याच वर्षांनी जळकोटला गेलो. दुकानात तो गूळ तोलत होता. मला पाहून उठला, खुर्ची पुसली, चहा मागवला. मग हळूच म्हणाला, "सर, चांगल्या पाण्यात हालला असता का हो तो पाय?"

मी कप तोंडाला लावला. "चहा फक्कड आहे," म्हणालो.

गेल्या उन्हाळ्यात तो वारला. त्या दिवशी दुकानात त्याला सांगायचं होतं ते एवढंच: हालला असता, बाबा. ते पाणी मी घातलं होतं. मला माफ कर.