बसमध्ये सांगितलेली गोष्ट

कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला-बूट बाहेर काढायचे, असा आमच्या कारखान्यात नियम होता. आत एसी होता, खाली निळा गालिचा होता, आणि दोन मशिनं धूळ बसू नये म्हणून कापडाखाली झाकलेली असत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं ती. बोम्मसंद्राला आम्ही पॅकिंगची यंत्रं बनवायचो आणि मी तिथल्या ड्रॉइंग सेक्शनची प्रमुख होते. वय चौतीस. लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आलेली, आणि पुण्यात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकले होते एवढ्याच भांडवलावर सहा अनुभवी पुरुषांच्या डोक्यावर बसवलेली. त्यांना हे आवडलं नव्हतं. मला ते कळत होतं, आणि मी कळत नसल्यासारखी वागायचे.

त्या सहांत एकच जण मराठी होते, वयानं सगळ्यांत मोठे. पन्नाशी ओलांडलेली. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपासून बंगळुरातलं. कुठल्याशा फौजेबरोबर मूळ पुरुष आला म्हणायचे, पण ती फौज दर खेपेला बदलायची. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी मिसळलेलं. मी त्यांच्याहून चांगली अठरा वर्षांनी लहान, तरी पहिल्या दिवसापासून त्यांनी मला ‘अक्का’ म्हटलं, आणि मी त्यांना ‘अण्णा’ म्हणू लागले. बाकीच्या पाचांसाठी मी ‘मॅडम’ होते.

आम्ही दोघंही राजाजीनगरहून कंपनीच्या बसमध्ये चढायचो. सव्वा तासाचा रस्ता. ते आधीच्या स्टॉपवर चढत आणि डब्याची पिशवी ठेवून माझी जागा धरत. मी आले की पिशवी मांडीवर घेऊन म्हणायचे, ‘या अक्का, बसा.’ त्या सव्वा तासात मी दिवसभराचं मराठी बोलून घ्यायचे. नवरा महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असायचा, शेजार सगळा तमिळ आणि कानडी. त्यांची बायको गौरीला मला घरी बोलवायची, संक्रांतीला तिळगुळाबरोबर इथल्या पद्धतीचा, तीळ-गूळ-खोबऱ्याचा एळ्ळू-बेल्ला द्यायची. परक्या गावात मला माहेर मिळालं असं मी आईला पत्रात लिहिलं होतं. खरंच तसं वाटायचं.

आणि अण्णांचा हात म्हणजे काय सांगू. ट्रेसिंग पेपरवर शाईनं रेघ ओढली की ती कुठं सुरू झाली न कुठं थांबली ते सापडत नसे. चुकलं तर ब्लेडनं असं हलकं खरवडत की कागदाला पत्ता लागू नये. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत यंत्राचं नाव, माप, नंबर असं लिहायचं असतं. ती अक्षरं ते पट्टी न लावता काढत आणि छापल्यासारखी येत. वर्कशॉपमधले लोक सही न बघता सांगत, हे अण्णांचं ड्रॉइंग.

एका सोमवारी फॅक्टरी मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. सहा महिन्यांत सगळे ड्रॉइंग बोर्ड निघणार, सगळं काम कॉम्प्युटरवर. सहांपैकी चौघं पुरतील. शेवटी एक परीक्षा होईल, एका दिवसात एक पूर्ण ड्रॉइंग. जे पास होणार नाहीत ते आनेकलच्या जुन्या शेडमध्ये, पॅकिंग आणि डिस्पॅचला. पगाराला धक्का नाही, पण ड्रॉइंग संपलं. ‘आजच प्रत्येकाला स्पष्ट सांगा,’ तो म्हणाला, ‘गोड करून सांगू नका.’

मी पाच जणांना एकेक करून माझ्या टेबलाशी बोलावलं आणि इंग्रजीत सांगितलं. सहा महिने. परीक्षा. नाहीतर आनेकल. ती वाक्यं माझी नव्हतीच, मॅनेजरच्या तोंडून उचलून मी ती पुढे ठेवत होते, आणि इंग्रजीत ती ठेवणं काही जड गेलं नाही. पाचही जण तोंड पाडून गेले. एकानं तर संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. पण त्याच आठवड्यात कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर सकाळी साडेसातला बुटांचे जोड दिसायला लागले.

अण्णांना मात्र मी टेबलाशी बोलावलं नाही. त्यांना ‘अण्णा, सहा महिन्यांत जमलं नाही तर तुमचं ड्रॉइंग बंद’ असं कसं म्हणायचं? मी ते वाक्य मनात जुळवून बघितलं. मराठीत ते इतकं उघडंनागडं वाटलं की माझीच मला लाज वाटली. म्हटलं, बसमध्ये बोलू.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी म्हटलं, ‘अण्णा, ते कॉम्प्युटर आलेत ना, जरा शिकून घ्या बघू. परीक्षा-बिरीक्षा घेणार आहेत म्हणे. पण तुम्हाला काय काळजी? तुमच्यासारखा हात आहे कुणाचा?’

ते हसले. ‘सरी अक्का,’ म्हणाले. सरी म्हणजे बरं, ठीक. ‘तुम्ही असताना आम्हाला काय होतंय?’

झालं. मला वाटलं, मी सांगितलं. खिडकीतून होसूर रोडवरचे ट्रक बघत मी चक्क समाधानानं बसले होते.

अण्णा कॉम्प्युटरवर बसायचे, नाही असं नाही. बूट काढून, मोजे नीट घडी करून बुटात ठेवून आत जायचे, पंधरा मिनिटं माउस धरून बसायचे आणि परत बोर्डाकडे. आणि मी त्यांना परत आत ढकललं नाही. इथं एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण ती मी बरीच वर्षं स्वतःपासूनही लपवली. त्या सहा महिन्यांत ऑर्डरी तुंबल्या होत्या. बाकीचे पाच शिकण्यात गुंतलेले. घाईचं ड्रॉइंग आलं की बोर्डावर ते दोन दिवसांत काढून देणारा माणूस एकच होता. ‘अण्णा, एवढं तेवढं बघाल का?’ असं मी म्हणायचे आणि ते लगेच उठायचे. मॅनेजर माझ्यावर खूश होता. माझा मऊपणा मला सोयीचाही होता.

चौथ्या महिन्यात त्यांनी एकदा विचारलं. बस सिग्नलला थांबली होती. डब्याच्या पिशवीच्या नाडीशी चाळा करत ते म्हणाले, ‘अक्का, ते स्वल्प अवघड जातंय आम्हाला. परीक्षेत जमलं नाही तर काय करतात?’

तेव्हा सांगता आलं असतं. दोन महिने हातात होते. मी म्हटलं, ‘असा विचार कशाला करता अण्णा? बघू आपण.’

ते ‘सरी’ म्हणाले आणि बायकोच्या गुडघेदुखीबद्दल बोलायला लागले.

परीक्षेत सगळ्यांना एका गिअरबॉक्सच्या आवरणाचं ड्रॉइंग काढायला दिलं. मशिनं दोनच, म्हणून रोज दोघं बसत. अण्णांचा नंबर तिसऱ्या दिवशी. दुपारी मी काचेतून डोकावले तर पडद्यावर एकच बाजू झाली होती आणि ते कोपऱ्यातल्या चौकटीशी अडले होते. मी आत गेले, वाकून बघितलं. कॉम्प्युटरला अक्षरं टाइप करून द्यायची असतात, क्षणात उमटतात. अण्णा प्रत्येक अक्षर रेघेरेघेनं काढत होते. तीन रेघांचा ए, दोन कमानींचा बी. मला म्हणाले, ‘मशिनची अक्षरं चांगली नाहीत अक्का. म्हटलं, हातानं काढू.’

परीक्षा चालू असताना मला बोलायची परवानगी नव्हती. मी बाहेर आले आणि बूट घातले.

दोघं नापास झाले. दुसरा जो होता त्यानं परीक्षेच्या आधीच पीन्याला, इथल्याच दुसऱ्या औद्योगिक वसाहतीत, बोर्डावरचं काम शोधून ठेवलं होतं. टेबलाशी बसून ऐकलेलं त्याला पुरलं होतं. त्यानं राजीनामा दिला, माझ्याशी हात मिळवला आणि गेला. आनेकलला जायला अण्णा एकटे उरले.

यादी लागली त्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

‘अक्का, बाकीच्यांना तुम्ही इथं बोलावून सांगितलात म्हणे. सहा महिने, नाहीतर आनेकल.’

‘हो.’

‘मला नाही बोलावलात.’

‘तुम्हाला बसमध्ये सांगितलं होतं ना अण्णा.’

रागावले असते तर बरं झालं असतं. ‘बसमध्ये तुम्ही घरच्यासारखं बोललात,’ ते म्हणाले, ‘मी घरच्यासारखं ऐकलो. त्यांना सांगितलात तसं मलाही इंग्लिशमध्ये सांगायचं होतं, अक्का. मला इंग्लिश येतं की.’

मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिले आणि ते गेले.

बदल फार सुरळीत झाला म्हणून वर्षाअखेर मला बढती मिळाली. तेव्हापासून माझ्या हाताखाली पुष्कळ माणसं आली, आणखी मशिनं आली, माणसं कमीही झाली. आता मी वाईट बातमी टेबलाशी बसून, पहिल्या वाक्यात सांगते. पुण्या-नागपूरची मुलं येतात, त्यांना मराठीतूनच सांगते, आणि ते उघडंनागडं वाटलं तरी थांबत नाही. लोक मला कडक म्हणतात. म्हणोत. हे शिकायची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्यानं मोजली, एवढं मात्र त्यांना माहीत नाही.

आनेकलला कंपनीची बस जात नव्हती. अण्णा आता राजाजीनगरहून दोन बस बदलून जात. माझ्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी असायची, मग कुणीतरी बसायला लागलं. त्या संक्रांतीला त्यांच्या घरून काही आलं नाही, आणि मीही गेले नाही. जायची हिंमत झाली नाही.

पाच-सहा महिन्यांनी एक यंत्र रवाना व्हायचं होतं, ते तपासायला मला आनेकलच्या शेडमध्ये जावं लागलं. पत्र्याखाली उकडत होतं. एका लाकडी खोक्यावर काळ्या रंगानं पत्ता लिहिलेला होता आणि बाजूला बाण काढून इंग्रजीत ‘ही बाजू वर’. ती अक्षरं मी दारातूनच ओळखली. फळीला गाठी होत्या, फटी होत्या, पण अक्षरं छापल्यासारखी.

अण्णा पुढच्या खोक्याशी उकिडवे बसले होते, हातात ब्रश. मला बघून उठून उभे राहिले. मी म्हटलं, ‘अण्णा, कसे आहात?’

‘फाइन, मॅडम,’ ते म्हणाले. ‘विच मशिन यू वॉन्ट टु सी?’

मला वाटलं, आजूबाजूला माणसं आहेत म्हणून. बाजूला नेऊन मी विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना, बायकोचे गुडघे कसे आहेत. ‘शी इज ऑलराइट, मॅडम.’ मी विचारलं, इथं त्रास होतो का. ‘नो प्रॉब्लेम, मॅडम.’ मी पूर्ण वेळ मराठीत विचारत राहिले आणि ते इंग्रजीत उत्तर देत राहिले, अगदी नम्रपणे, स्वच्छ उच्चारात. शेवटी मी म्हटलं, ‘अण्णा, माझं चुकलं.’

त्यांनी घड्याळ बघितलं. ‘लॉरी विल कम ॲट फोर, मॅडम,’ म्हणाले, आणि खाली बसून राहिलेलं अक्षर पुरं करायला लागले.