अख्खं गाठोडं पाठवणारा प्रशांत

आमच्या ऑफिसात डेटाचा बॅकअप वेळेवर कुणी घेत नाही. किश्शांचा मात्र माझ्याकडे पक्का आहे. ते रोज नवे घडतात आणि त्यातले निम्मे एकट्या प्रशांतचे असतात.

प्रशांत मोडनिंबचा. सोलापुरातल्या एका वधूवर केंद्राची वेबसाइट आम्ही दोघं करत होतो. सर्व्हरचा कोड तो लिहायचा, स्क्रीन मी करायची. एक स्थळ म्हणजे एक ऑब्जेक्ट. नाव, वय, उंची, नोकरी, सगळं एका गाठोड्यात. त्यानं पाठवायचं, मी सोडून मांडायचं.

*

पहिल्याच दिवशी मी गाठोडं न सोडताच स्क्रीनवर टाकलं. प्रत्येक मुलाच्या नावाच्या जागी 'ऑब्जेक्ट'!

केंद्र चालवणाऱ्या शकुमावशींनी चष्मा वर केला. "हे ऑब्जेक्ट कुठले गं? आपल्यातले का?"

*

मग प्रशांतनं वय आकड्याऐवजी मजकूर म्हणून पाठवलं. अठ्ठावीसमध्ये मी चालू वर्षाचा एक मिळवला, तर तो नुसता पुढं चिकटला. एकोणतीसऐवजी दोनशे एक्क्याऐंशी!

करमाळ्याहून एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. मी माफी मागायला लागले.

"वयाचं ऱ्हाऊ द्या ओ मॅडम. नोकरी सरकारी हाय का?"

*

एकदा त्यानं मुलीच्या ऑब्जेक्टमध्ये वडील टाकले आणि वडिलांच्या ऑब्जेक्टमध्ये मुलगी. सर्व्हर मुलीतून वडिलांत, वडिलांतून परत मुलीत फिरत बसला आणि बंद पडला.

"एकमेकांना सोडतच न्हाईत," प्रशांत वैतागला.

"पाठवणीला असंच होतंय की," मावशी म्हणाल्या आणि चक्क डोळे पुसले.

*

आमचं खरं भांडण शेऱ्यावरून. प्रत्येक स्थळापुढं मावशी स्वतःपुरता एक शेरा लिहायच्या. तो बाहेर दिसायला नको होता, पण प्रशांत अख्खं गाठोडं पाठवायचा, शेऱ्यासकट.

"मग पाठवतोस कशाला? माहितगार माणूस ब्राउझरमध्ये सगळं उघडून बघतो!"

"ताई, तुमी झाका की स्क्रीनवर! कोण बघतंय?"

चिडून मी झाकला. स्थळांमध्ये प्रशांतही होता, आईनं नोंदवलेला. त्याच्यापुढं मावशींनी लिहिलं होतं: 'मुलगा गुणी. मुलगी आवडली की तोंडच उघडत नाही. नकार समजू नये.'

*

अक्कलकोटची सुजाता त्याला फोटोतच आवडली. तीही आमच्यासारखी कोड लिहिणारी. याआधीची स्थळं त्याच्या गप्प बसण्यानंच गेली होती. "हितं न्हाय जमलं तर मी परत बघायला जाणार न्हाय," तो म्हणाला. "ताई, तुमी चला की संगं."

त्याची आई, शकुमावशी आणि मी, सगळ्या गेलो. पोहे आले, चहा आला. हा गप्प! सुजातानं विचारलं, "सोलापुरात कुठं राहता?" तरी गप्प. तिच्या आत्या कानडीत कुजबुजायला लागल्या. त्याची आई नुसता पदर सारखा करत राहिली. मला त्याची दया आली आणि त्याहून जास्त राग आला.

शेवटी तिचे वडील उठले. "बरंय मग. कळवतो."

"कळवायचं काय, अप्पा? मला पसंत आहे," सुजाता म्हणाली.

"अगं, त्यो एक शब्द बोलला न्हाय!"

"व्हय. म्हणूनच." मग ती प्रशांतकडं वळली. "पण तो शेरा सर्व्हरवरच काढा. नुसता स्क्रीनवर झाकून काय उपयोग?"