सोळा नंबरवर सांगितलेली जागा

सुरमई कुठे लागली हे खरं सांगणारा कप्तान मी आजवर पाहिलेला नाही. रास अल खैमाच्या खाडीतून रोज सकाळी आम्ही पाच-सहा बोटी गिऱ्हाइकं घेऊन मासेमारीला निघायचो आणि आठच्या सुमारास वायरलेसवर एकमेकांची चौकशी सुरू व्हायची. "भाई, मछली किधर?" "अरे हबीबी, आज खलास. कुछ नहीं." ज्याच्या बोटीत पाय ठेवायला जागा नसायची, तो सगळ्यात मोठ्याने रडायचा. केरळचे, कराचीचे, आमच्या कोकणातले, या बाबतीत सगळे सारखेच.

मी नुसता रडायचो नाही. कोणी फार मागे लागलं तर मी जागाही सांगायचो, अगदी अक्षांश-रेखांशासकट. फक्त ती खोटी असायची.

ती खोटी जागा मला माझ्या खलाशाने निवडून दिली होती. तो देवगडकडचा, आमच्या शेजारच्या गावचा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो. तो मला कप्तान म्हणायचा, आणि त्यात मान किती आणि टिंगल किती याचा मला कधी पत्ता लागला नाही. लायसन माझ्याकडे होतं, समुद्र त्याला कळत होता. आमच्या खऱ्या जागेपासून चार मैल दक्षिणेला एक वाळूचा उथळ पट्टा आहे. तिथे शिंगाळा हा काटेरी मासा सोडून काही लागत नाही, आणि शिंगाळा गिऱ्हाईक हातात धरत नाही. त्या पट्ट्याचे आकडे भाऊने माझ्याकडून पाठ करून घेतले. "आज खंय धाडतंस त्यांका, कप्तान?" तो गळ बांधता बांधता विचारायचा. मग मी माईक उचलून, शाळेत कविता म्हणावी तसे ते आकडे म्हणायचो. भाऊ तोंडाला टॉवेल लावून हसायचा. एकदा खरंच दोन बोटी तिकडे गेल्या. आम्ही दुर्बिणीतून त्यांचे ठिपके बघत बसलो आणि हसता हसता भाऊच्या हातातला चहा डेकवर सांडला.

हे सगळं चेष्टेचं वाटतं, पण त्यावर आमचं पोट होतं. ऑक्टोबर सरता सरता आखाताचं पाणी निवायला लागतं आणि सुरमई किनाऱ्याकडे येते. हंगामाचे ते पहिले पाच-सहा आठवडे चांगले गेले की दुबईतले लोक एकमेकांना सांगतात, आणि मार्चपर्यंत शुक्रवार रिकामा जात नाही. २००८च्या मंदीत मात्र सुरमई आली आणि माणसं आली नाहीत. आमची गिऱ्हाइकं म्हणजे बिल्डरांची माणसं, बँकांची माणसं, फ्लॅटचे दलाल. गुरुवारी संध्याकाळी त्यांचे मेसेज यायचे, सॉरी कॅप्टन, नॉट कमिंग. दोन शुक्रवारांनी तेही यायचे बंद झाले. मालक एक दिवस जेटीवर येऊन बोटीला न शिवताच म्हणाला, "ये सीज़न नहीं चला तो मैं बोट बेच दूँगा. तुम दोनों अपना देख लो." बोट गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की आम्ही दोघे घरी. भाऊच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. आता उरलीसुरली गिऱ्हाइकं ओढून आणायला आमच्याकडे ती एक खडकाळ जागा होती, जिथे त्या वर्षी सुरमई अक्षरशः उकळत होती. ती दुसऱ्या कुणाला कळू द्यायची नाही, असं आम्ही दोघांनी पक्कं ठरवलं होतं.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दोघे इंजिनीअर आले. त्यांच्या कंपनीने टॉवरचं काम अर्ध्यावर सोडलं होतं आणि दोघांना घरी पाठवत होते. जाण्याआधी एकदा मासे पकडून जाऊ म्हणून आलेले. त्यांतला एक पुण्याचा. बोटीत पाय ठेवता ठेवता म्हणाला, "कॅप्टन, आज गॅरंटीड ना? मुलगी म्हणते, बाबा, यू नेव्हर कॅच एनीथिंग." भाऊने त्याला आपली नेहमीची जागा दिली, मागच्या बाजूला उजवीकडे. नऊ वाजेपर्यंत त्याच्या नावावर चार सुरमया होत्या आणि तो माणूस नोकरी गेल्याचं साफ विसरून गेला होता.

साडेनवाला वारा फिरला. वायव्येकडून शमाल हा जोराचा वारा येणार हे आदल्या दिवशीच कळलं होतं, पण दुपारपर्यंत वेळ आहे असं माझं मत होतं. वळून परत निघालो तेवढ्यात इंजिन धापकन बंद पडलं. इथले मच्छीमार समुद्राच्या तळाशी तारेचे मोठे पिंजरे सोडतात, त्यांना गरगूर म्हणतात. त्यातल्याच एखाद्याचा तुटका दोर पाण्याखाली तरंगत होता, तो आमच्या पंख्यात गुंडाळला गेला. बोट जुनी, पोटात एकच डिझेल इंजिन.

भाऊने सुरी घेतली आणि शर्ट काढला. मी म्हटलं, कमरेला दोर बांध. तो म्हणाला, "दोन मिन्टांचा काम आसा रे." मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण तो माझ्यापेक्षा मोठा आणि असलं काम त्याने शंभर वेळा केलेलं. तो खाली गेला, वर आला, पुन्हा गेला. दोराचा एक वेढा कापून त्याने वर फेकला. मग एक लाट आली, बोटीचा मागचा भाग उचलला गेला आणि धाडकन खाली आला. भाऊचा हात सुटला.

लागलं बिगलं असं काही दिसत नव्हतं. तो पोहत होता, पण बोट हलकी, वाऱ्याच्या तोंडी. ती त्याच्यापेक्षा जोरात वाहत होती. मी गोल ट्यूब फेकली, ती अर्ध्यावर पडली. नांगर टाकला, तो धरेपर्यंत आमच्यात दोनशे हातांचं अंतर पडलं होतं आणि प्रवाह त्याला उलट दिशेने ओढत होता. पुण्याचा माणूस उडी मारायला निघाला, त्याला मी दंडाला धरून खाली बसवला. इंजिन फिरेना. भाऊ हात वर करून दाखवत होता, मी इथे आहे म्हणून. घाबरलेला दिसत नव्हता. तो भरवशाने दाखवत होता.

मी माईक उचलला. सोळा नंबरचं चॅनल संकटासाठी असतं आणि ते प्रत्येक बोटीवर चालू असतं. कोस्ट गार्डच्या माणसाने विचारलं, "पोझिशन? कॅप्टन, युअर पोझिशन?" समोर जीपीएसच्या स्क्रीनवर खरे आकडे होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. आणि माझ्या तोंडून वाळूच्या पट्ट्याचे आकडे गेले. स्वच्छ, एक एक सुटा, रोजच्यासारखे. त्याने ते परत म्हणून दाखवले आणि मी म्हणालो, येस.

वीस मिनिटांनी केरळच्या एका कप्तानाचा आवाज आला. "भाई, हम पहुँच गया. तुम किधर है? इधर तो कोई बोट नहीं."  मी खरे आकडे ओरडून सांगितले, तीनदा. तोवर भाऊ मला दिसेनासा झाला होता.

तो दुपारी सापडला, खऱ्या जागेपासून अर्ध्या मैलावर.

गेली कित्येक वर्षं मी स्वतःला एकच प्रश्न विचारत आलो आहे. ते सवयीने झालं, की मुद्दाम? सोळा नंबरवर सगळ्या बोटी कान लावून बसतात हे मला ठाऊक होतं. खरी जागा सांगितली तर उद्यापासून तिथे सहा बोटी उभ्या राहणार, हेही मला ठाऊक होतं. त्या क्षणी मी तसा विचार केला नव्हता, असं मी म्हणतो. पण केला नव्हता हे मला कसं कळणार? डोक्याच्या कुठल्या कोपऱ्यात काय चाललं होतं, ते मला तपासता येत नाही. इतकंच माहीत आहे, की माझ्या डोळ्यांनी एक वाचलं आणि तोंडाने दुसरं सांगितलं. मला माझी लाज वाटते, आणि रागही येतो, इतका की एकटा असलो की स्वतःला शिव्या घालतो.

चौकशीत मी सांगितलं, घाबरून आकडे चुकले. अधिकाऱ्याने तसं लिहून घेतलं. माणूस घाबरतो, त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. ते दोन इंजिनीअर पुढच्याच आठवड्यात देश सोडून गेले, त्यांचे फोन बंद झाले. त्या वर्षी दुबईतले कितीतरी फोन असेच बंद झाले होते. पुण्याच्या माणसाच्या सुरमया आमच्या बर्फाच्या पेटीतच राहिल्या, त्या कोणी काढल्या मला आठवत नाही. मालकाने डिसेंबरात बोट विकली. केरळचा तो कप्तान मात्र एकदा जेटीवर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. समुद्राकडे बघतच म्हणाला, "वही जगह बोला न, जो रोज़ बोलता था." मी दोर गुंडाळत राहिलो. त्यानंतर तो माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही.

भाऊला घेऊन मी गावी गेलो तेव्हा वहिनींनी एवढंच विचारलं होतं, "कोणीच कसा येळेर पोचाक नाय?" घरात माणसं दाटली होती. मी म्हटलं, समुद्र खूप मोठा असतो, वहिनी. त्यांनी मान हलवली. मोठा असतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या मच्छीमाराच्या घरात जन्मल्या होत्या.

मग मला दुसऱ्या एका बोटीवर काम मिळालं, कमी पगारावर, पण मिळालं. पाणी निवायला लागलं की माझं जेवण तुटायचं. वायरलेस नुसता खरखरला तरी मला वाटायचं, आता माझाच आवाज येणार, शांत, स्वच्छ, ते आकडे म्हणणारा. कधी कधी यायचाही. नवा खलाशी विचारायचा, "क्या हुआ कप्तान?" आणि माझ्या हातातला माईक ओला झालेला असायचा. मी खोटं सांगायचं सोडून दिलं. कोणी विचारो न विचारो, रोज सकाळी मी माझी खरी जागा वायरलेसवर सांगायला लागलो. मासे आहेत, या म्हणायचो. कुणी आलं नाही. कुठला कप्तान आपणहून खरी जागा सांगेल? मी सांगायचो तेवढी जागा सोडून सगळे दुसरीकडे जायचे. भरल्या माशांवर माझी बोट एकटी उभी असायची आणि गिऱ्हाईक म्हणायचं, कॅप्टन, तुम्ही लकी आहात.

२०११च्या मे महिन्यात सुट्टी काढली आणि सरळ वहिनींकडे गेलो. भाऊच्या मुलीचं लग्न त्यांनी पुढे ढकललं नव्हतं, मंगळसूत्र मोडून केलं होतं आणि तिला आता लहान मुलगा होता, हे मला गावात कळलं. त्या आंब्याच्या कॅनिंगला जायच्या. संध्याकाळी आल्या तेव्हा त्यांचे हात चिकाने काळे पडलेले होते. चहा ठेवते म्हणाल्या. मी म्हटलं, आधी बसा, वहिनी. आणि मग सगळं सांगितलं. रोजची चेष्टा, वाळूचा पट्टा, सोळा नंबर, वीस मिनिटं.  त्या शिव्या देतील, हाताला लागेल ते फेकून मारतील, अशी माझी तयारी होती. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

त्यांनी विचारलं, "तेवढो येळ ते पोवत होते?"

"माहीत नाही, वहिनी. मला दहा-एक मिनिटं दिसला. मग लाटा उंच झाल्या."

"घाबरले होते?"

"नाही. हात वर करून दाखवत होता. बोट येईल असं त्याला वाटत होतं."

 बाहेर कोणीतरी टेम्पोत आंब्याच्या पेट्या चढवत होतं. मग उठून त्यांनी मुलीची एक जुनी वही आणि पेन आणलं, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर बसल्या. "भावजी, माका ती खरी जागा सांगा. लिवन घेतंय. नातू मोठो झालो की फोनात बघून माका दाखयत."

मी सांगू लागलो, आधी अक्षांश, मग रेखांश. एकेक आकडा त्या मोठ्याने म्हणायच्या आणि मग लिहायच्या, सावकाश. जे आकडे त्या दिवशी वेळेवर माझ्या तोंडून निघाले नाहीत, ते त्यांच्या तोंडून ऐकताना मला वाटलं, आता सुटलो.

शेवटचा आकडा लिहून झाला. त्यांनी मान वर केली.

"ही तरी खरी मा?"

मी हो म्हणालो. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि ज्याची शपथ घ्यावी असं काही मला सापडेना.