हमिंगबर्डचा सौसरी वाण

आता काय सांगू तुम्हाला, अंगठ्याएवढ्या पाखरापायी मी सख्ख्या पोरीचं जमत आलेलं लग्न मोडायला निघालो होतो!

मला पाखरं पाहून वहीत टिपून ठेवायचा नाद. कोणी शिकवलं नाही, आपलं आपणच. त्यात एका जुन्या सचित्र पुस्तकात हमिंगबर्ड भेटला. उष्ण मुलुखातला, लांब चोचीचा, फुलांतला रस पिणारा. खाली लिहिलेलं, याचा रंग खोऱ्याखोऱ्यात बदलतो. मी हरखलोच! असलं पाखरू तर पांढुर्ण्यात आमच्या जास्वंदीवर रोज येई, काळंनिळं, रेशमासारखं चकाकणारं. आणि दिवाळीत सासुरवाडीला, सौसरला, तसलंच पण मातकट-पिवळं पाहिलेलं.

दिवस कसे होते आठवा. प्रांतांची नवी वाटणी चाललेली. आपण नागपूरकडे की भोपाळकडे, यावर पानठेल्यावर रोज भांडणं. सगळा देश हद्दी पाडून राहिला, मग मीच का मागे राहू? मीही एक हद्द ओढली. अलीकडे पांढुर्णी वाण, पलीकडे सौसरी वाण!

चैत्रात सौसरचे वामनराव आपल्या मुलासाठी आमच्या सुमनला पाहायला आले. मुलगा मनोहर, मोहगावच्या शाळेत मास्तर. पोहे झाले, पसंती दोघांच्या चेहऱ्यावर दिसत होती. मी फक्त गप्प बसायचं होतं. पण जास्वंदीवर पाखरू आलं ना!

"हा पाहा हमिंगबर्ड! पांढुर्णी वाण. काय तेज आहे!"

"आमच्याकडे नाही का हा?" वामनरावांनी विचारलं.

"आहे ना. पण सौसरी वाण अगदीच फिका. चमक म्हणून नाही."

वामनरावांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे? सौसरात चमकच नाही म्हणता?"

"पाण्याचा गुण असतो हो," मी समजावलं. समजावलं कसलं, तेल ओतलं! "तिकडचं सगळंच जरा..."

"अजी!" आतून बायको ओरडली. तीही सौसरचीच!

"चाल रे मनोहर," वामनराव उठले. "फिक्या लोकायचं काय काम हितं?"

पडद्याआड सुमनच्या हातातला कप खळ्ळकन फुटला.

मनोहर मात्र उठेना. तो अंगणातल्या लिंबोणीकडे पाहून राहिला होता. फांदीला जाळ्याजळमटांचा एक गोळा लोंबत होता. कचरा समजून मी तो उद्याच काढणार होतो. माझा पांढुर्णी वाण त्यावर येऊन बसला. मागून एक मातकट-पिवळं पाखरू आलं आणि चोचीतला किडा आत भरवून गेलं.

"बाबा, सौसरी वाण तर हितंच आहे," मनोहर म्हणाला. "अन् घरटं एकच. नवरा-बायको आहेत ते. नर चकाकते, मादी साधी असते."

"मग दिवाळीत तिकडे सगळेच पिवळे कसे?" मी अजून लढत होतो.

"पावसाळ्यानंतर नराचाही रंग उतरते, मामाजी. अन् हा शिंजीर आहे. हमिंगबर्ड अमेरिका सोडून कुठंच नसते."

मामाजी! पोरानं मला सासरा करूनही टाकलं होतं. वामनरावांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा घरट्याकडे, आणि पोट धरून हसत खाली बसले.

"काहो, या पाखरायनं तर आपल्या आधीच सोयरीक जमवली! आणा, चहा आणा. लग्न पक्कं. हुंडा नको, मानपान नको, फक्त माझी एक अट."

"बोला ना!"

"मांडवात पाहुण्यायची ओळख करून द्यायले तुमी उभे राहू नका. नाहीतर नवरा-नवरीले दोन वाण समजून दोन पंगतीत बसवान!"