एका टोपल्यातली ज्वारी

मार्थाबाई गेल्याचं मला दिग्रसच्या बसस्टँडवर कळलं. मी यवतमाळहून आलो होतो, खांद्याला पत्रकांची पिशवी होती. योहानकाका समोर उभा होता. एरवी तो कधी मला घ्यायला येत नसे. त्याने पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "आत्याबाई पहाटे गेली, बाप्पा..."

सारी ख्रिस्ती वस्ती तिला आत्याबाई म्हणे. नवरा लवकर गेला, पुढचं आयुष्य तिने जिनिंगमध्ये सरकी-कापसात राबून काढलं. मंडळीत तिचं एकच काम होतं, रविवारचं टोपलं. आमच्याकडे बाया चूल पेटवण्याआधी मूठभर ज्वारी बाजूला काढतात. रविवारी घराघराची ती मूठ देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये येते, एकाच टोपल्यात पडते, आणि ज्याची चूल त्या आठवड्यात थंड असेल त्याच्या घरी जाते. मी मात्र वाढलो पत्रकांवर. पाळकसाहेब धर्मोपदेशाची जुनी पत्रकं देत, मी ती पाठ करी आणि भेटेल त्याला ऐकवी. आत्याबाईने माझं नाव 'छापखाना' ठेवलं होतं. दारात दिसलो की म्हणे, "आला का छापखाना? आधी भाकर खा, मंग छाप."

शेजारच्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गावातल्या विहिरी आटल्या, देवळामागच्या विहिरीला तेवढं पाणी होतं. रहाट योहानकाकाच्या ताब्यात होता. एका सकाळी त्या वस्तीतली राधाबाई घागर घेऊन आली आणि त्याने तिला परत पाठवलं. कारण मागाहून कळलं. बाजारात कुणी त्याला म्हणालं होतं, धर्म कितीही बदला, तुम्ही आणि ते सारखेच. आपण वेगळे आहोत हे त्याला दाखवायचं होतं... त्याचा स्वतःचा आजा गावविहिरीच्या काठावर ओंजळ पसरून उभा राहिलेला, आणि नातू असा वागला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. योहानचं नाव कुणी घेतलं नाही. 'किरिस्तावांनी पाणी नाकारलं', असंच जो तो म्हणाला.

रविवारी उपासनेत मी उठलो. म्हणालो, ज्याने तहानलेल्याला हाकललं त्याच्या घरची मूठ या टोपल्यात पडू नये, त्याचं आमचं काही नाही असं गावाला कळू द्या. पाणी नाकारणं हे पाप होतं, हे मी आजही म्हणेन. पुष्कळांनी माना हलवल्या. योहानकाकाची बायको डबा घेऊन दारातच थांबली. तिला आत येववेना, मागे फिरवेना. काका सतरंजीवर खाली मान घालून बसला होता. आत्याबाई उठली. तिने तो डबा घेतला, टोपल्यात उपडा केला, कोपरापर्यंत हात घालून सारी ज्वारी ढवळली आणि माझ्याकडे बघितलं.

"छापखान्या, आता योहानची ज्वारी निवडून दे मले."

मी टोपल्यात वाकून बघितलं.

"नाही निवडता येत ना? गावालेही नाही आली. त्यानं हाकललं म्हणजे आपुन हाकललं. चला आता."

ती योहानकाकाला घेऊन निघाली, मागोमाग आम्ही. मला वाटलं, टोपलं बरोबर घेईल, धान्य देईल. तिने ते तिथंच ठेवलं. राधाबाईच्या दारात जाऊन तिने चूक झाली म्हणून सांगितलं आणि प्यायला पाणी मागितलं.

राधाबाई म्हणाली, "विहिरीवरून हाकलता, अन् घरी येऊन पाणी मागता?"

"हो माय. आमीच हाकललं."

"तू तं तिथं नव्हती."

"एकाच टोपल्यातली आहो आमी."

राधाबाईने योहानकाकाकडे बघितलं. मग आत गेली, तांब्या भरून आणला आणि नेमका योहानकाकासमोर ठेवला. "पे. आमी नाही हाकलत." काकाने तांब्या उचलला. चांगला उंचापुरा माणूस, लेकरासारखा रडला.

राधाबाई विहिरीवर लगेच आली नाही. का यावं? आत्याबाई रोज कामावर जाण्याआधी रहाटापाशी बसून वाट पाही. एका सकाळी घागर आली. योहानकाकाने न बोलता दोर सोडला. मग वस्तीतल्या बाकीच्या घागरीही येऊ लागल्या.

आत्याबाईला माती द्यायला राधाबाई आली होती. आमच्यानंतर तिनेही मूठभर माती सोडली आणि काठावर उभी राहिली. मंडळीचं नाव राखा, असं सांगणारी पत्रकं मी आजही वाटतो. पण नाव कसं राखतात ते मला आत्याबाईशिवाय दुसरं कुणी दाखवलं नव्हतं.

परवाच्या रविवारी टोपलं नेहमीच्या जागी होतं. मुठी पडत गेल्या. प्रार्थनेआधी सगळे थांबले, कशासाठी ते कुणालाच सांगता येईना. मग योहानकाका उठला, बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात घालून ज्वारी ढवळली.