शहाणा म्हटलं तर माणूस जातो

नुकताच काळा कोट चढवला होता आणि हातात पहिली खरी केस आली. मार्केट यार्डातल्या एका हमालाने भर सकाळी अडत्याच्या डोक्यात पोती ओढायची आकडी घातली. अडत्या वाचला, हमाल आत गेला. 'तो माझ्या डोक्यात बोलत होता, गप्प केला त्याला,' एवढंच तो सांगायचा.

ऐकून मी उडालेच! परदेशात काही ठिकाणी मनाने आजारी माणसाची जबाबदारी कमी धरतात, शिक्षा हलकी करतात, हे वाचून, ज्यांच्या हाताखाली वकिली शिकत होते त्या सरांपुढे नाचतच गेले. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "वा! मग आपण तिकडेच प्रॅक्टिस का नाही करत? इथे मधलं काही नसतं. आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे त्याला कळतच नव्हतं, असं सिद्ध करा, तर निर्दोष. नाहीतर पूर्ण शिक्षा. कागद आहेत?"

कागद कुठले! पोलिसांना त्याच्या बायकोने ठणकावून सांगितलं होतं, "माहा माणूस एकदम शहाणा हाये." घरात लग्नाची मुलगी. शिवाय नवऱ्याला चांगलं म्हटलं की तो सुटतो, हा तिचा हिशोब. मी कपाळावर हात मारला.

वाघोलीला तिच्या खोलीवर जाऊन सरळ भांडलेच. "अहो ताई, वेडा म्हटलं तर इज्जत जाते, शहाणा म्हटलं तर माणूस जातो! काय ते ठरवा!"

ती रडली. मग उठून तिने गव्हाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकची पिशवी काढली. दवाखान्याचे सहा वर्षांचे केसपेपर! शेवटचा तर मारहाणीच्या आदल्याच आठवड्यातला: आवाज ऐकू येतात, गोळ्या बंद केल्या आहेत. मी तिला तिथेच मिठी मारली. स्वारगेटपर्यंत बसमध्ये ती पिशवी पोटाशी धरून बसले.

दीड वर्षाने तिने भरल्या कोर्टात, होणाऱ्या व्याह्यांसमोर, सांगितलं, "माहा माणूस आजारी हाये." डॉक्टरांची साक्षही टिकली. निर्दोष! मी कोर्टाच्या पायऱ्या उड्या मारत उतरले.

"जिंकलो, ताई!"

"मंग घरी कधी येतीन?"

मी सांगितलं, आधी मनोरुग्णालय. कुणाला धोका नाही असं डॉक्टर लिहून देतील आणि सरकारला पटेल, तेव्हा सोडतील.

"म्हंजे कधी?"

मी हातातला निकाल पुन्हा चाळायला लागले.

"शिक्षा झाली असती, म्याडम, त तारीख तरी भेटली असती ना?"