पोर्ट सैदला न गेलेला फिटर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या सखारामला तर नाहीच. सांगायला बसलो की पहिल्याच वाक्याशी अडतो – कारण पहिलं वाक्य माझ्या बढाईचं आहे.

सुएझ कालव्यावरून तीन देशांनी इजिप्तवर चाल केली, तो हिवाळा. मी पिंपरीच्या एका कारखान्यात पाइप फिटर होतो. सखाराम माझा जोडीदार – नदीपलीकडच्या काळेवाडीचा, घरची शेती असलेला, कमी बोलणारा. जेवणाच्या सुट्टीत मी पेपर मोठ्यानं वाचायचो. पोर्ट सैद शहरावर बॉम्ब पडले होते, वस्त्या जळाल्या होत्या, पाण्याचे नळ फुटले होते. सैन्यं परत गेली आणि वाद सुरू झाला – हे आता बांधून द्यायचं कुणी?

"ज्यांनी पाडलं त्यांनी बांधावं," सखाराम म्हणाला. "आपला काय संबंद?"

त्याचं चुकत होतं का? नव्हतं. पण मला बोलायची हौस. पुण्यातल्या एका मदत समितीला तिकडं सहा महिन्यांसाठी फिटर पाठवायचे होते. त्यांची माणसं गेटवर सभा घ्यायला आली आणि मी कुणी न बोलावता उभा राहिलो. म्हणालो – आपल्या कारखान्यातली यंत्रं कुठून आली? परदेशानं मदत म्हणून दिली. त्यांचा आपल्याशी काय संबंध होता? पाडणारे बांधतील तेव्हा बांधतील. तोवर तिथल्या बायकांनी पाणी कुठून आणायचं?

टाळ्या पडल्या. पहिलं नाव मी दिलं. दुसरं सखारामनं.

"तू हाईस म्हणून येतो," एवढंच म्हणाला.

चार दिवसांनी त्याची बायको, पारूवहिनी, चिंचवडला आमच्या खोलीवर आल्या. उंबऱ्यातच बसल्या. "भावजी, तुमी संगं हाय म्हणून मी व्हय म्हटलं. त्यांना वाचता येत न्हाई, परक्या माणसाशी बोलता येत न्हाई. तुमी असला म्हंजे झालं."

मी हसून मान हलवली. पण आदल्या दिवशीच मी पेपरात वाचलं होतं की ढिगाऱ्यांखाली न फुटलेले बॉम्ब आहेत. पाइप टाकायचे म्हणजे चर खणायचे, हे फिटरला कुणी सांगावं लागतं का? ती एकच बातमी मी मोठ्यानं वाचली नव्हती. पेपराची घडी घालून डब्याखाली ठेवली होती.

मग पुण्याला तपासणी झाली. छाती ठीक, डोळे ठीक. डॉक्टर माझ्या मागे जाऊन उभे राहिले. उजवा कान बोटानं बंद करायला सांगितला आणि हलक्या आवाजात एकेक शब्द म्हणू लागले. मी तो परत म्हणायचा होता. "भाकरी." मी गप्प. "दगड." मी गप्प. "पाणी." तोही ऐकला – स्वच्छ ऐकला. समोरच्या भिंतीवरचा पोपडा बघत उभा राहिलो, जणू त्यांनी अजून सुरुवातच केलेली नाही.

खोटं बोललो असंही म्हणता येत नाही. बोललोच कुठं? किती वर्षं मी या एका वाक्यामागं लपून काढली!

सखाराम बाहेर बाकावर बसला होता. तो पास झाला होता. मी सांगितलं – डावा कान गेलाय म्हणतात. त्यानं विचारलं, "मग आता मी काय करू?" तेव्हाही वेळ होती. बॉम्बची बातमी जिभेवर होती. मी म्हणालो, "तू जा. एकानं तरी जायला पाहिजे. नाहीतर लोक काय म्हणतील?"

लोक त्याला काय म्हणणार होते? मला म्हणणार होते.

तो गेला. आणि मी माझ्या कानात कोंडला गेलो. कारखान्यात सगळे उजव्या बाजूला येऊन बोलू लागले. बायको हाक मारताना ठरवून उजवीकडून मारायची. मुलगी डाव्या अंगाला रडली तरी मी मान वळवायची नाही. एकदा चिंचवडच्या रस्त्यावर डावीकडून सायकलची घंटा वाजत आली – माझ्याबरोबर दोन कामगार होते – मी बाजूला झालो नाही. गुडघा फुटला. लोकांना माझी दया आली.

सखारामची पत्रं यायची, बरोबरच्या फिटरनं लिहिलेली. काळेवाडीला जाऊन ती पारूवहिनींना वाचून दाखवायचो मीच. एका गल्लीत पाणी सुरू झालं तेव्हा एका म्हाताऱ्या बाईनं त्याचे दोन्ही हात धरून ठेवले, सोडेनाच, असं एकात होतं. वहिनींनी ते तीनदा वाचायला लावलं.

पाचव्या महिन्यात चर खणताना स्फोट झाला. सखाराम परत आला तो उजवा हात मनगटापासून गमावून. कारखान्यानं त्याला गेटवर बसवलं. पहिल्या दिवशी मी समोर गेलो, तर तो उठून माझ्या उजव्या बाजूला आला – मला ऐकू यावं म्हणून – आणि म्हणाला, "बरं झालं तू न्हवतास. माझ्या शेजारीच असतास."

तेव्हा सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं? भीती आता बॉम्बची नव्हती.

पुढच्या वर्षी काळेवाडीच्या उरुसाला त्यांनी मला जेवायला बोलावलं. सखाराम माझ्या डाव्या बाजूला बसला होता, डाव्या हातानं जेवत. पारूवहिनी त्याला वाढायला वाकल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "भावजींनीच पुढं व्हऊन नाव दिलं, ह्येच मागं ऱ्हायले. मला तर त्यो कानच खरा वाटत न्हाई."

सखारामचा घास थांबला. "गप," तो तितक्याच हळू म्हणाला. "त्यो माझा दोस्त हाय. पुन्ना असं बोलू नगंस."

दोघंही माझ्याकडं बघत होते. मी आमटीत भाकरी कुस्करत राहिलो. मग सावकाश मान वर करून विचारलं, "काही म्हणालात का, वहिनी?"

 त्या वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "भात वाढू का, म्हटलं."

मी ताट पुढं केलं.